वीज गेली, आता फाइल सिस्टिमचं काय?

तर मंडळी, मागच्या वेळी फाइल डिस्कवर कशी मांडलेली असते ते आपण पाहिलं. आजचा प्रश्न असा, की लिहिता लिहिता वीज गेली तर काय होतं?

समजा, एका फाइलच्या शेवटी तुम्ही थोडा मजकूर वाढवला. आपल्याला हे एकच काम वाटतं. डिस्कवर मात्र तीन ठिकाणी लिहावं लागतं. मजकूर नव्या ब्लॉकमध्ये, त्या ब्लॉकचा पत्ता फाइलच्या आयनोडमध्ये, आणि ‘हा ब्लॉक भरला’ ही खूण बिटमॅपमध्ये. आता आयनोड लिहिला गेला आणि बिटमॅप राहून गेला, तर तोच ब्लॉक उद्या दुसऱ्या फाइलला दिला जाईल. म्हणजे एकाच जमिनीचे दोन सातबारे!

लिनक्सच्या एक्स्ट२वर यासाठी एफएससीके हा प्रोग्रॅम चालवायचे. तो सगळे आयनोड आणि बिटमॅप ताडून बघतो. डिस्क मोठी असेल तर तासन्‌तास जातात.

मग स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये एक्स्ट२ला जर्नल जोडण्याची रचना मांडली. त्यातून आलेली एक्स्ट३ २००१ मध्ये मूळ लिनक्समध्ये दाखल झाली. जर्नल म्हणजे आपल्या दुकानदाराची कीर्दच. व्यवहार आधी कीर्दीत, मग सवडीने खतावणीत. फाइल सिस्टिमही काय बदलायचं ते आधी जर्नलमध्ये लिहिते, शेवटी ‘नोंद पूर्ण’ अशी खूण करते आणि मग मूळ जागी बदल करते. मशीन पुन्हा सुरू झालं की पूर्ण नोंदी परत अमलात आणायच्या, अर्धवट सोडून द्यायच्या. एकच नोंद दोनदा अमलात आली तरी बिघडत नाही, कारण तिथे ‘पाच मिळवा’ असं नसतं, ‘हा ब्लॉक असा दिसला पाहिजे’ असं असतं. सगळी डिस्क चाळायची गरज नाही, त्यामुळे बहुतेक वेळा काही सेकंदांत काम होतं.

आता तुम्ही विचाराल, म्हणजे माझी फाइल वाचली ना? नाही! इथेच गफलत होते. एक्स्ट३, एक्स्ट४ नेहमीच्या मोडमध्ये जर्नलमध्ये फक्त मेटाडेटा लिहितात, तुमचा मजकूर नाही. शिवाय ‘सेव्ह’ केलेलं काही काळ, लिनक्समध्ये साधारण तीसेक सेकंद, नुसतं मेमरीत असू शकतं. वीज गेली की ते गेलं. म्हणून जपून लिहिलेले प्रोग्रॅम आधी नवी फाइल लिहितात, एफसिंक करून ती डिस्कवर उतरवून घेतात आणि मगच तिला जुन्या फाइलचं नाव देतात. मध्ये काहीही झालं तरी जुनी किंवा नवी, एक प्रत शाबूत राहते.

आणि डिस्कच खराब होत असेल, वाचताना एरर येत असतील, तर घाईने एफएससीके चालवू नका. दुरुस्ती करताना तोही डिस्कवर लिहितो. आधी डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने पूर्ण डिस्कची प्रत काढा आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करा.

थोडक्यात, जर्नल हिशेब जुळवून देतं. हरवलेला माल परत आणून देत नाही. त्यासाठी बॅकअपच लागतो.