देवळापेक्षा जुनी घंटा

गेल्या श्रावणात सासूबाईंची पूजेची घंटा घासताना माझ्या हातून निसटली आणि फरशीवर पडली. वरवर काही झालेलं दिसेना, पण वाजवली तर ‘टण्ण’ऐवजी नुसतं ‘थप्प’! सासूबाई आता नाहीत, त्यामुळे रागावणारंही कुणी नव्हतं. तेच जास्त लागलं.

आमच्या बजाजनगरात बहुतेक घरांचा पगार वाळूजच्या कारखान्यांतून येतो. ‘हे’ ओतकाम विभागात. त्यांनी घंटा नखाने टिचकी मारून पाहिली. “केसाएवढी चीर आहे. डाग देऊन चीर बुजेल, नाद परत येईलच असं नाही.”

दिवाळीला माहेरी नाशिकला गेले, तेव्हा मुलांना मुद्दाम पंचवटीत नारोशंकराच्या देवळात नेलं. खणखणीत आवाजाच्या बाईला आमच्या नाशकात ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. (मलाही म्हणत!) घंटेवर १७२१ साल आहे असं सांगितलं, तर धाकटा म्हणाला, “आई, देऊळ १७४७ चं ना? मग घंटा आधीची कशी?”

मैत्रिणींनो, पोर बरोबर बोललं. ही घंटा मुळात ख्रिस्ती देवळाची. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी विजयाची खूण म्हणून आणल्या आणि देवांना वाहिल्या. भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीलाही अशा घंटा आहेत. ज्यांच्या गावातून त्या गेल्या, त्यांना काय वाटलं असेल, असा विचार घंटेखाली उभं राहून मनात आलाच. पण वितळवल्या नाहीत, म्हणून आज आपण त्या पाहतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने युरोपातल्या हजारो घंटा भट्टीत घातल्या.

गोव्यातही एका घंटेने घर बदललं आहे. पणजीच्या चर्चमधली मोठी घंटा मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. मध्यंतरी ती आग्वादच्या दीपगृहात होती. १८७१ मध्ये पणजीला आली.

अशा घंटांची निगा राखायची कशी? ‘ह्यां’ना विचारलं. घंटेच्या काशात साधारण अठ्ठ्याहत्तर भाग तांबं आणि बावीस भाग कथील. कथील जास्त म्हणून नाद गोड, पण त्यामुळेच धातू ठिसूळ. लोलक वर्षानुवर्षं एकाच जागी आपटला की कड झिजते. मग घंटा पाव फेरा फिरवून टांगतात, म्हणजे नवी जागा मार खाते. लोलक घंटेपेक्षा मऊ लोखंडाचा हवा. तैलरंग तर मुळीच फासू नये, आवाज दबतो. हिरवट थरही घासूनपुसून काढायचा नाही; तो धातूला राखतो. चीर गेलीच, तर युरोपात अख्खी घंटा भट्टीत तापवून जाणकार कारागीर जोडतात, नाहीतर वितळवून पुन्हा ओततात.

पुन्हा ओतण्याचा सल्ला आम्हालाही मिळाला. ओताऱ्याने भाव सांगितला, मापही घेतलं. पण ओतली म्हणजे सासूबाईंच्या बोटांनी गुळगुळीत झालेली मूठ जाणार, आतल्या बाजूचं त्यांचं नाव जाणार. धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, “मग आजीची कशी राहील?”

घंटा आहे तशीच देव्हाऱ्यात ठेवली आहे. पूजेला नाशिकहून आणलेली नवी वाजवतो. संध्याकाळी दिवा लावताना ‘हे’ मात्र जुनीच उचलतात.