इस्पिकवाले

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची गुहा आहे. माणसाने मोजलेल्या गुहांमध्ये जगात सर्वांत लांब तीच. आजवर तिच्या ६८० किलोमीटरांहून जास्त वाटा मोजून झाल्या आहेत. सप्टेंबर १९७२ मध्ये एका छोट्या तुकडीने शेजारच्या फ्लिंट रिज गुहेत शिरून, चिखलातून आणि पाण्यातून वाट काढत मॅमथ केव्ह गाठली. दोन्ही गुहा आतून जोडलेल्या आहेत हे त्या दिवशी कळलं. त्या तुकडीत पॅट्रिशिया क्राउदर होत्या. त्यांचे पती विल क्राउदर हेही गुहांमध्ये फिरणारे, आणि पोटापाण्यासाठी प्रोग्रामर. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या उभारणीत त्यांचा हात होता. दोघांनी गुहेतली मोजमापं संगणकात भरून तिचे नकाशे काढले होते.

पुढे त्यांचा संसार मोडला. विल यांनी १९७५-७६ च्या सुमारास आपल्या मुलींना खेळता यावा म्हणून फोरट्रान भाषेत एक खेळ लिहिला. त्यात चित्रं नव्हती. तुम्ही कुठे उभे आहात, समोर काय आहे, हे यंत्र शब्दांत सांगायचं आणि तुम्ही एक-दोन शब्दांत उत्तर द्यायचं: पूर्वेला जा, दिवा घे. स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी १९७७ पर्यंत त्यात भर घातली आणि ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ हा खेळ विद्यापीठांमधून सगळीकडे पसरला. त्यात बुटके होते, जादूचे शब्द होते, पण भुयारांची मांडणी बरीचशी खरी होती. मॅमथ केव्हच्या बेडक्विल्ट भागात क्राउदर स्वतः रांगले होते, तोच त्यांनी शब्दांत उतरवला. डेनिस जर्झ या अभ्यासकाने मूळ प्रोग्राम मिळवून तो प्रत्यक्ष गुहेशी ताडून पाहिला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखात खेळातल्या कितीतरी जागा खऱ्या गुहेत सापडल्याची नोंद आहे. गुहावाल्यांमध्ये एक हकिकतही सांगतात: हा खेळ खेळलेली एक व्यक्ती पहिल्यांदाच त्या गुहेत उतरली आणि खेळाच्या आठवणीवर वाट ओळखत गेली.

ऑनलाइन अद्भुत जगांमध्ये वर्षानुवर्षं फिरणाऱ्या माणसाला समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करावी, असं मला वाटतं. या जगांचं मूळ फिरण्यातच आहे. लढाई, लेव्हल, खजिना हे सगळं त्यावर नंतर चढलं.

इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने पुढचं पाऊल टाकलं. त्याच्या ‘मड’ या खेळातही शब्दच होते, पण आता अनेक जण एकाच वेळी त्याच जगात असत. १९८० मध्ये ते काम त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल याच्याकडे आलं. माणसं अशा जगात येतात तरी कशासाठी, हा प्रश्न बार्टलचा पिच्छा सोडेना. १९९६ मध्ये त्याने त्यावर निबंध लिहिला आणि खेळाडूंना पत्त्यांचे चार रंग दिले. लेव्हल आणि संपत्ती जमवणारे ते चौकट. गप्पा आणि मैत्रीसाठी येणारे बदाम. दुसऱ्यांना झोडपण्यात आनंद मानणारे किलवर, कारण किलवरच्या इंग्रजी नावाचा अर्थ सोटा असाही होतो. उरले ते इस्पिक. इंग्रजीत इस्पिकला जो शब्द आहे, तोच खोदायच्या फावड्यालाही आहे. हे लोक खणत राहतात. हा दरवाजा का आहे, ही भिंत कुठे संपते, पावसात इथे काय होतं, एवढंच त्यांना हवं असतं. मी वीसेक वर्षं खेळते आहे आणि बार्टलचं वर्गीकरण वाचलं तेव्हा स्वतःला लगेच ओळखलं.

फिरणं किती खडतर असू शकतं हे मार्च १९९९ मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ने दाखवलं. त्यातल्या नोराथ जगात अँटोनिका नावाचा खंड आहे. त्याच्या पश्चिम टोकाला कीनोस शहर आणि पूर्वेला फ्रीपोर्ट. खेळात सुरुवातीला नकाशाच नव्हता. दिशा ओळखणं हे तलवारबाजीसारखंच कमवायचं कौशल्य होतं: बटण दाबायचं, आणि कौशल्य कमी असेल तर दिशा कळायचीच नाही. दाबून दाबून ते वाढायचं. नोराथचा एक दिवस आपल्या ७२ मिनिटांचा, आणि माणसाच्या जातीचं पात्र घेतलं असेल तर रात्री पडदा खरोखर काळाकुट्ट व्हायचा. कीनोसहून फ्रीपोर्टला जायचं तर वाटेत किथिकोरचं अरण्य लागे, आणि अंधार पडला की तिथे मृतात्मे उठत. शहाणे वाटसरू अरण्याच्या कडेला बसून उजाडायची वाट पाहत. मेलात तर तुमचं सगळं सामान प्रेतापाशीच राहायचं. तुम्ही जिवंत व्हायचात दूर कुठेतरी, रिकाम्या हातांनी, आणि ते परत आणायला पुन्हा तोच रस्ता. उभ्या जागेचे आकडे सांगणारी एक आज्ञा तेवढी होती. ते आकडे उतरवून घेत खेळाडूंनी हाताने नकाशे काढले आणि एकमेकांना दिले. क्राउदर दांपत्य खऱ्या गुहेत जे करत होतं, तेच काम.

माझं स्वतःचं जग मात्र अझेरॉथ. ते ज्या खेळातलं, तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २३ नोव्हेंबर २००४ ला अमेरिकेत आला. भारतातून खेळताना सर्व्हर कायम दूरचा. माझं पात्र तलवार उगारायचं आणि ती लागायला अर्धा सेकंद जायचा. लढणाऱ्याला त्याचा त्रास होतो, फिरणाऱ्याला तितका नाही. डोंगर कुठे पळून जात नाही. कदाचित म्हणूनही मी इस्पिकवाली झाले.

पहिला मोठा प्रवास मला अजून पावलापावलाने आठवतो. माझी नाइट एल्फ जेमतेम बाराव्या लेव्हलची होती. ऑबरडाइनच्या धक्क्यावर जहाज आलं, चढले, आणि दुसऱ्या खंडावर मेनेथिल बंदरात उतरले. तिथून पुढे वेटलँड्सची दलदल. तिथले मगरीसारखे प्राणी विशीच्या लेव्हलचे. रस्ता सोडला की संपलं, आणि रस्त्यावरही भरवसा नाही. मी चार वेळा मेले. मेल्यावर भूत होऊन स्मशानातून आपल्या देहापर्यंत चालत यायचं असतं, आणि त्या करड्या, आवाज विरलेल्या प्रकाशात दलदल विलक्षण सुंदर दिसायची. मग डुन अल्गाझची भुयारं, त्यांच्या तोंडाशी ऑर्क. पलीकडे लॉख मोडानचा तलाव, मग खिंडीतून वर बर्फ, आणि शेवटी डोंगराच्या पोटात कोरलेलं आयर्नफोर्ज. धगधगत्या लाव्ह्याच्या भट्टीपाशी पोचले तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. या सगळ्या खुष्कीच्या वाटेत ‘लोडिंग’चा पडदा एकदाही आला नाही. तुम्ही चालत असता तेव्हा गेम पुढचे चौकोन गुपचूप भरत जातो आणि मागचे सोडत जातो. दूरचं धुकं हा प्रकार लपवायलाही कामी येतो.

आयर्नफोर्जहून माणसांच्या स्टॉर्मविंडला भुयारी ट्राम जाते. मध्यावर बोगद्याच्या भिंती काचेच्या होतात आणि दोन्ही बाजूंना पाणी दिसू लागतं. तिथे ‘नेसी’ नावाचा एक लांब मानेचा जलचर पोहत असतो, स्कॉटलंडच्या लॉख नेसच्या दंतकथेवरून ठेवलेला. तिला मारायचं नसतं, तिच्यासाठी काही काम नसतं, ट्राम तिथे थांबतही नाही. नकाशा उघडला तर दोन्ही शहरांच्या मध्ये जळते, राखेने भरलेले प्रदेश आहेत. मग हे पाणी कुठलं? खेळाडूंनी यावर मनापासून वाद घातले आहेत.

खरी गुहा पाण्याने चुनखडी विरघळून घडते. तिथे कुणी कुणासाठी काही ठेवलेलं नसतं. अझेरॉथमध्ये मात्र प्रत्येक दगड कुणीतरी ठेवलेला आहे. नेसी कुणातरी डिझायनरने ट्रामच्या खिडकीतून पाहणाऱ्यासाठी तिथे सोडली. इस्पिकवाला त्या हाताच्या खुणा शोधत फिरतो, आणि तो हात जिथे थांबला त्या जागाही. आयर्नफोर्जहून ग्रिफिन या पंखवाल्या प्राण्यावर बसून उडालं की खाली बर्फात एक छोटा विमानतळ दिसायचा. विमानं उभी, धावपट्टी आखलेली, पण तिथवर पायवाटच नाही. कित्येक जण उभ्या कड्यांवर उड्या मारत, पायाला धरेल असा एखादा कोन शोधत तिथे चढले. शहरांच्या मागच्या बाजू पोकळ होत्या, कारण जुन्या खंडांवर कुणी मोकळं उडणार नाही हे गृहीत होतं. २०१० मध्ये ती मुभा मिळाली, पण त्यासाठी निर्मात्यांना ते सगळं नव्याने बांधावं लागलं.

बॅरन्सच्या माळरानात, क्रॉसरोड्स गावाजवळच्या डोंगरावर एक चौथरा आहे. खेळाने दिलेली कुठलीही क्वेस्ट, म्हणजे कामगिरी, तुम्हाला तिकडे पाठवत नाही. चौथऱ्यावर एक ऑर्क योद्धा निजलेला आहे आणि तिथे ‘एम के’ अशी अक्षरं आहेत. मिशेल कोइटर हा या खेळावर काम करणारा तरुण चित्रकार. खेळ बाजारात यायच्या आठ महिने आधी, मार्च २००४ मध्ये तो गेला. सहकाऱ्यांनी त्याची समाधी त्यानेच घडवायला मदत केलेल्या जगात बांधली आणि रस्त्यापासून दूर ठेवली. मी तिथे पोचले ते केवळ त्या डोंगरावर काय आहे हे पाहायला. अक्षरांचा अर्थ नंतर शोधला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढून गेले.

२००८ मध्ये खेळात फिरण्याची बक्षिसं आली. सगळे प्रदेश उघडले की नावापुढे ‘एक्सप्लोरर’ ही पदवी. ‘गिल्ड वॉर्स २’ने २०१२ मध्ये त्याहून पुढे जाऊन नकाशावर टक्केवारीच लावली. अनेकांना त्यामुळे नेहमीच्या वाटांबाहेर पडायचं निमित्त मिळालं, हे मला मान्य आहे. पण टक्के भरायला लागलं की नजर खिडकीबाहेर कमी आणि कोपऱ्यातल्या आकड्यावर जास्त जाते. इस्पिकचं चौकट होतं. मी ती पदवी मिळवली आहे, आणि ती मिळवताना पाहिलेलं फारसं काही मला आठवत नाही.

ही जगं मरतातही. नोव्हेंबर १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘अशरन्स कॉल’चं डेरेथ हे अखंड, विस्तीर्ण जग ३१ जानेवारी २०१७ रोजी बंद झालं. सर्व्हर थांबला की ते कुठेच उरत नाही, भग्नावशेषसुद्धा नाहीत. म्हणून १९९९ सालचं नोराथ जसंच्या तसं उभं करणाऱ्या ‘प्रोजेक्ट १९९९’च्या हौशी मंडळींबद्दल मला फार आदर वाटतो. त्यांना २०१५ मध्ये खेळाच्या मालकांची रीतसर संमतीही मिळाली.

अझेरॉथ मेलं नाही, पण मोडलं. ७ डिसेंबर २०१० ला आलेल्या ‘कॅटाक्लिझम’ या खेळाच्या विस्तारात ऑबरडाइनचा तो धक्का उद्ध्वस्त झाला, बॅरन्स दुभंगलं आणि थाउजंड नीडल्स नावाच्या खोल दरीत समुद्र शिरला. त्या दरीच्या पूर्वेला पांढऱ्या मिठाचं सपाट वाळवंट होतं, तिथे नोम आणि गॉब्लिन यांत्रिक गाड्यांच्या शर्यती लावायचे. ते सगळं पाण्याखाली गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘क्लासिक’ आलं आणि जुनं जग वेगळ्या सर्व्हरवर परत मिळालं. तेव्हापासून माझी दोन पात्रं आहेत. एक त्या मिठावर उभं असतं, शर्यतीच्या रस्त्याच्या कडेला, मागे लाल खडकांचे सुळके उंच गेलेले. त्याला लॉगआउट करून दुसऱ्याने आत गेलं की तेच सुळके असतात, पण निम्मेच दिसतात, आणि माझ्या पायाखाली नाव हलत असते.