महागडा फिल्टर आणि गाडीचा दम

वाशिम, रिसोड, मंगरूळपीर भागात आपली कितीतरी मुले काळी-पिवळी किंवा पिकअप चालवतात. गाडीचा हप्ता आणि डिझेल जाऊन जे उरेल त्यावर घर चालते. अशा मुलांना कुणीतरी हमखास सांगतो, "कंपनीचा कागदी एअर फिल्टर काढ, तेल लावलेला सुती जाळीचा बसव. गाडी पळेल, ॲव्हरेज वाढेल." कागदी फिल्टर काही शेकड्यांत येतो, जाळीचा हजारांत. तेव्हा पैसे मोजण्याआधी विचार व्हावा, असे आम्हाला वाटते.

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. जाळीतून ती थोडी मोकळी जाते, हे खरे. पण स्वच्छ कागदी फिल्टरही इंजिनाला पुरेशी हवा देतो. फरक पडलाच तर थोडासा, तोही इंजिन पूर्ण जोरात असताना. फाट्याफाट्यावर थांबून सवारी घेणाऱ्या जीपला त्याचा काय उपयोग?

अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली मुद्दाम चोंदलेले फिल्टर लावून पेट्रोल गाड्या तपासल्या. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचे ॲव्हरेज जवळजवळ बदलले नाही, फक्त पिकअप घटला. मग महागड्या फिल्टरने ॲव्हरेज वाढणार कुठून? जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मात्र चोंदलेला फिल्टर बदलल्यावर २ ते ६ टक्के फरक दिसला. डिझेल गाडी चोंदली की काळा धूर ओकते, चढावर दम तोडते. तिलाही साधा नवा फिल्टर पुरतो.

आपल्याकडे खरा प्रश्न धुळीचा. ऑक्टोबरात सोयाबीनचे हडंबे सुरू झाले की पांदण रस्त्याने समोरचे दिसत नाही. ही धूळ सिलेंडरमध्ये गेली की रिंगा आणि बोअर घासते, गाडी ऑईल खाते, निळा धूर सोडते आणि इंजिनकाम निघते. जाळी जितकी मोकळी, तितकी बारीक धूळ आत जाण्याची भीती जास्त. शिवाय जाळीला तेल जास्त झाले तर नव्या गाड्यांतील हवा मोजणारा सेन्सर बिघडू शकतो. जुन्या जीप-ट्रॅक्टरचा तेलाच्या वाटीचा फिल्टर धुळीसाठीच असे; वाटीत गाळ साचला की तेल बदलायचे, एवढेच.

सुगीच्या दिवसांत कागदी फिल्टर लवकर लवकर उघडून पाहावा. हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबाने. आपटू नये, धुऊ नये. उजेडाकडे धरून भोक दिसले तर फेकून द्यावा. आणि फिल्टरच्या पुढच्या रबरी पाइपाचे क्लिप आवळलेले आहेत का, हेही पाहावे. तिथून धूळ शिरली तर कुठलाही फिल्टर असो, काही कामाचा नाही.