हप्त्याचे वतन

आपल्या समाजातल्या एखाद्या मुलाला कायम नोकरी लागली की वर्षभरात त्याला विचारणे सुरू होते, ‘घर केव्हा घेणार?’ विचारणाऱ्यांत सहकारी असतात, सासरची माणसे असतात आणि ज्यांचा सगळा जन्म पत्र्याखाली गेला ते आईबापही असतात. प्रश्न एकच, पण प्रत्येकाचा अर्थ निराळा. सहकाऱ्याला घर ही गुंतवणूक वाटते. सासरच्यांना ती पत वाटते. आईला मात्र एवढेच हवे असते की, ‘इथून उठा’ असे आता कुणी म्हणू नये. या तीन अर्थांची गल्लत करून आपण वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतो. म्हणून घर विकत घ्यावे की भाड्याने राहावे, हा प्रश्न आपण आपल्या जागेवरून तपासला पाहिजे.

प्रथम साधा हिशेब पाहू. समजा, चाळीस लाखांची सदनिका घ्यायची आहे. दहा लाख रुपये जवळचे घातले आणि तीस लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २७,००० रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातले २२,५०० रुपये नुसते व्याजाचे असतात. मुद्दल फिटते साडेचार हजार. व्याज शिल्लक मुद्दलावर लागते आणि सुरुवातीला जवळजवळ सगळेच मुद्दल शिल्लक असते, म्हणून असे होते. पाच वर्षांत सव्वासोळा लाखांच्या आसपास रक्कम भरूनही मुद्दल कमी होते ते फक्त ३ लाख ४० हजारांनी. वीस वर्षांत बँकेकडे एकूण ६५ लाखांच्या जवळपास रक्कम जाते.

आता दुसरी बाजू. जिल्ह्याच्या गावी अशाच सदनिकेचे भाडे दहा हजार धरू. ते दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढले तरी वीस वर्षांचे एकूण भाडे चाळीस लाखांच्या आत राहते. हप्ता भरणाऱ्याच्या हाती शेवटी घर उरते आणि भाडेकरूच्या हाती पावत्या उरतात, हे खरे. परंतु सुरुवातीच्या वर्षांत महिन्याला जे सतरा हजार वाचतात ते कुठे जातात, यावर पुढचा निकाल ठरतो. पांढरपेशा कुटुंबात ते शिलकीत पडतात. आपल्या घरात धाकटी बहीण शिकत असते, बापाचे गुडघे गेलेले असतात, गावाकडे चुलत्याच्या मुलाची फी भरायची असते. पहिल्या पिढीच्या पगारावर एक घर नव्हे, चार घरे चालतात. तो पगार हप्त्यात अडकला की पहिला घाव बहिणीच्या शिक्षणावर पडतो.

एवढ्यावर थांबलो तर भाड्याने राहावे हेच उत्तर येईल. पण या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पैसे मोजले की खोली मिळते, हे ते गृहीत. ज्याला आडनाव विचारले जात नाही त्याच्यासाठी तो हिशेब बरोबर आहे.

मी तालुक्याच्या गावी नोकरीवर रुजू झालो तेव्हा चार घरे पाहिली. माझे आडनाव गावावरून पडलेले, त्यावरून काही कळत नाही. म्हणून घरमालक आधी गाव विचारी, मग ‘गावात कुठल्या आळीला?’ असे विचारी आणि शेवटी ‘तुमच्याकडे खाण्यापिण्याचं कसं?’ तीनही उत्तरे मी खरी दिली. दुसऱ्या दिवशी एकाचा पुतण्या शिकायला येणार होता, दुसऱ्याला खोली रंगवायची होती, तिसऱ्याने दारच उघडले नाही. चौथ्याने खोली दिली, पण भाडे दीड हजार जास्त सांगितले. ते मी मुकाट्याने कबूल केले. ही रक्कम कोणत्याच पुस्तकी हिशेबात धरलेली नसते.

हा अनुभव नवा नाही. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी घेऊन आणि लंडनमध्ये शिकून बाबासाहेब बडोद्याला नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव धारण करून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव दाराशी आला आणि त्यांना तेथून निघावे लागले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हे सांगून ठेवले आहे. आज कुणी काठी घेऊन येत नाही. ‘फक्त शाकाहारी कुटुंबास’ एवढी पाटी पुरते. २०१५ साली सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या भागातील भाड्याच्या घरांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. भाड्याने घर मिळताना दलित आणि मुसलमान यांच्याशी सवर्णांपेक्षा वेगळे वर्तन होते, हे त्यात दाखवून दिले आहे.

मग कायदा काय करतो? १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात कोणत्याही वस्तीत घर बांधणे, घेणे किंवा त्यात राहणे यांस अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा ठरवला आहे. पण आडकाठी जातीमुळेच झाली, हे सिद्ध कसे करायचे? पुतण्या येणार नव्हता याचा पुरावा आपण कुठून आणणार? उलट, २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सहकारी संस्था आपल्या पोटनियमांनी सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवू शकते, असा निर्णय दिला. संविधानाच्या समानतेच्या हमीचे मुख्य बंधन शासनावर आहे. खाजगी घराच्या उंबऱ्याशी ती बहुधा थांबते. म्हणजे विकत घेऊ गेलो तरी दार उघडे असेलच असे नाही.

तेव्हा आईचे म्हणणे चुकीचे नाही. आपल्याला घर हवे ते मुख्यतः गुंतवणुकीसाठी नव्हे. कुणी उठवू नये म्हणून ते हवे. परंतु मालकी आली की सुरक्षितता आली, हे मात्र आपल्याच इतिहासाने खोटे ठरवले आहे. महार वतनाची जमीन कागदोपत्री आपलीच होती. त्या तुकड्यापायी आपण गाव सोडू शकत नव्हतो, रात्री-अपरात्री कामाचा सांगावा नाकारू शकत नव्हतो. वतनदार हजर नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्याला राबावे लागे. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द झाली. त्या काळी पुष्कळांना वतन सोडवत नव्हते. ‘आपली हक्काची जमीन’ असेच ते म्हणत.

वतन आणि कर्ज एकच आहेत, असे मी म्हणत नाही. वतन जन्माने मिळे, कर्ज आपण सही करून घेतो. पण परिणामात साम्य आहे. सत्तावीस हजारांचा हप्ता चालू असलेला माणूस बदली मागत नाही, संस्थाचालकाच्या अन्यायाविरुद्ध तक्रारीवर सही करत नाही, वस्तीतल्या मुलांचा वर्ग सोडून जादा शिकवण्या धरतो. आजारी पडला तर बायकोने आणि मुलाने हप्ता ओढायचा. आणि आपले जे मित्र तासिका तत्त्वावर शिकवतात त्यांना तर कायम पगारपत्रक नसल्याने बँक दाराशीही उभे करत नाही. त्यांच्यापुढे घर घेण्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा आहे.

मग करावे काय? निर्णय प्रत्येकाचा निराळा असेल, पण तो घेण्यापूर्वी काही प्रश्न स्वतःला विचारावेत. हप्ता गेल्यावर बहिणीचे शिक्षण चालू राहते का? सहा महिने पगार थांबला तर हप्ता आणि घरखर्च भरता येईल एवढी शिल्लक आहे का? पुढची दहा वर्षे याच गावी राहायचे आहे का? या तिन्हींचे उत्तर होय असेल आणि भाड्याच्या प्रत्येक दारात अपमान होत असेल, तर लहानसे का होईना, घर जरूर घ्यावे. नाही असेल, तर भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. मात्र करार लेखी आणि नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ असे दलाल सांगतात, ते आपल्या राज्यात खरे नाही.

आपल्याच लोकांची गृहनिर्माण संस्था हा आणखी एक मार्ग आहे आणि पुष्कळांना त्याने छप्पर दिले आहे. पण तिची वसाहत गावाच्या कडेलाच होते आणि रिक्षावाल्याच्या तोंडी तिचे नाव नवा महारवाडा असेच पडते, हेही आपण पाहिले आहे. म्हणून खाजगी भाडेव्यवहारात जातीवरून नकार देणाऱ्याला जाब द्यावा लागेल असा स्पष्ट कायदा मागणे, ही आपल्या चळवळीची मागणी असली पाहिजे. ती मागणी एकट्यादुकट्याच्या हप्त्याने पुरी होत नाही.

बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत अनेक वर्षे राहिले. तेथेच त्यांनी आपले मोठे काम उभे केले. पुढे दादरला ‘राजगृह’ बांधले, ते ग्रंथ मावेनात म्हणून. त्यांना घर कशासाठी हवे होते, हे ठाऊक होते. घराच्या कागदावर सही करण्यापूर्वी आपल्यालाही ते ठाऊक असावे.