दहा डॉलरचा दावा

६ एप्रिल १८४६ रोजी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, सेंट लुईसच्या सर्किट कोर्टात दोन अर्ज आले. अर्जदार ड्रेड स्कॉट आणि त्याची बायको हॅरिएट, दोघेही गुलाम. ड्रेडला लिहिता येत नव्हते. त्याच्या नावाशी सहीऐवजी फुली आहे. मालकिणीने मारहाण करून डांबून ठेवल्याची तक्रार, आणि भरपाईची मागणी दहा डॉलर.

खरा दावा स्वातंत्र्याचा होता. मिसुरीच्या १८२४ च्या कायद्याने वाटच तशी आखून दिली होती: मारहाण आणि बेकायदा कैदेची फिर्याद लावायची आणि आपण मुळात स्वतंत्र आहोत हे ज्युरीपुढे सिद्ध करायचे. गुलामगिरीला बंदी असलेल्या इलिनॉयसारख्या राज्यात मालकाने राहायला नेले असेल, तर दाव्याला आधार मिळे. अर्ज मंजूर झाला की न्यायाधीश वकील नेमून देत. वकिलाला भेटायला अर्जदाराला मोकळीक द्यावी, त्याला कोर्टाच्या हद्दीबाहेर हलवू नये, दावा केला म्हणून छळू नये, असा हुकूमही निघे. ज्याला कायदा मालमत्ता मानत होता, त्यालाच तो फिर्यादीही होऊ देत होता!

असे तीनशेहून अधिक दावे या एका कोर्टाच्या दप्तरात सापडले, तेही विसाव्या शतकाच्या अखेरीस. मिसुरी राज्य अभिलेखागाराने जुन्या कागदांच्या घड्या उलगडून, ते साफ करून जतन केले.

त्यात पॉली नावाच्या आईचे दोन दावे आहेत. १८३९ मध्ये तिने स्वतःसाठी दावा लावला आणि १८४२ मध्ये मुलगी ल्यूसीसाठी. मूल आईच्या दर्जाने ओळखले जाई. म्हणून मुलीच्या जन्मवेळी आई स्वतंत्र होती एवढे ठरले की लेक सुटणार होती. पण निकाल लागेपर्यंत ल्यूसीला सतरा महिने तुरुंगात काढावे लागले. पुढे लिंकनचे ॲटर्नी जनरल झालेले एडवर्ड बेट्स तिच्या बाजूने उभे राहिले आणि १८४४ मध्ये ती सुटली. उतारवयात तिने हे सारे आत्मकथेत लिहिले. शतकभर वाचकांपुढे फक्त तिचा शब्द होता. या फायलींनी त्याला कागदोपत्री पुरावा जोडला.

स्कॉट दांपत्य १८५० मध्ये याच कोर्टात जिंकले. दोन वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आपलीच जुनी रीत मोडून तो निकाल फिरवला. १८५७ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने तर कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिकच होऊ शकत नाही, असे ठरवले. त्याच वर्षी मे महिन्यात नव्या मालकाने दोघांना मुक्त केले, आणि ती नोंदही सेंट लुईसच्याच कोर्टात झाली.