मुंबई विमानतळाजवळ स्वस्तात मुक्काम करायचाय?

अमरावतीजवळच्या भातकुलीचे आमच्या शेजारचे काकाजी लेकाला दुबईला सोडायला निघाले. रात्री दोनचं विमान. "मुंबईत राहावं कुठं?" म्हणून विचारायला आले. म्हटलं, लिहूनच टाकतो.

आधी तिकिटावर टर्मिनल पाहा. आंतरराष्ट्रीय विमानं टी-२ वरून सुटतात, म्हणजे अंधेरी पूर्वेचं सहार. टी-१ विलेपार्ल्याकडे. दोन्हींच्या धावपट्ट्या त्याच, पण रस्त्यानं मधे चार-पाच किलोमीटर अन् वर ट्रॅफिक! गेस्टहाऊसवाला नुसतं "एअरपोर्टजवळ" म्हणतो. कोणतं टर्मिनल, ते विचाराच.

टी-२ साठी मी मरोळ बघतो. अमरावती एक्स्प्रेस पहाटे दादरला सोडते. तिथून लोकलनं अंधेरी, पुढे मेट्रोनं मरोळ नाका.

आता खरी गोची. बऱ्याच ठिकाणी खोली दुपारी बाराला मिळते अन् दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायची. तुम्ही पोचता सकाळी सहाला! म्हणून फोनवर "चोवीस तासांचं चेक-इन आहे का?" हे आधी विचारा. अन् तिकिटावर १५ तारीख, रात्री दोनचं विमान असेल, तर खोली १४ ची लागते राजेहो, १५ ची नाही.

फोटोतल्या खोलीवर जाऊ नका, बाथरूमबद्दलचे अभिप्राय वाचा. मूळ आधार कार्ड सोबत ठेवा.

१६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान आहे. वेळ जुळली तर मुक्कामही वाचतो.

काही विचारायचं असेल तर खाली लिहा. तिकिटाची तारीख अन् टर्मिनल तेवढं सांगा.