घर बांधताना कोठे थांबावे



रिद्धपूर ही महानुभावांची काशी. श्रीगोविंदप्रभूंच्या वास्तव्याने पावन झालेल्या या गावी विटा, रेती आणि सिमेंट यांवर बोलायला कोणी उभे राहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु संसारी माणूस जन्मभराची शिल्लक एका दमात कोठे ओतत असेल, तर ती घरात. मी इंजिनिअर नव्हे. बांधकाम मजुरांची संघटना करता करता जे गवंड्यांच्या शेजारी बसून आणि पुस्तके चाळून कळले, तेवढेच सांगतो.

आपल्या वाडवडिलांनी गावच्या जमिनीला दोन नावे दिली : पांढरी आणि काळी. पांढरीवर वस्ती करायची, काळीत पेरायचे. हा नुसता रिवाज नव्हता, तो घरबांधणीचा पहिला टप्पाच होता. आज गावठाणात जागा उरली नाही, म्हणून वऱ्हाडात जिकडे तिकडे कापसाच्या शेतांत प्लॉट पडले आहेत. म्हणजे वाडवडिलांनी जी जमीन घरासाठी टाळली, तिच्यावरच आपण घर मांडतो.

काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली आहे. तिच्यात चिकणमातीचा असा एक प्रकार असतो, की तो पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आक्रसतो. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याचमुळे. पाया उथळ असला तर हीच माती घराला पावसाळ्यात उचलते आणि उन्हाळ्यात खाली सोडते. परंतु घराच्या सर्व बाजू सारख्या उचलल्या जात नाहीत. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. दरवर्षी दिवाळीला आपण ती लांबीने बुजवतो, आणि दरवर्षी ती पुन्हा उघडते.

तेव्हा पहिले काम नकाशाचे नाही, खड्ड्याचे आहे. प्लॉटवर एक खड्डा खणून मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे. हाताशी लागला तर पाया त्यावरच टेकवावा. काळी माती खोल असेल, तर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने रूढ केलेली रीत आहे : जमिनीत सुमारे साडेतीन मीटर खोल, तळाशी कांद्यासारखे फुगीर असे काँक्रीटचे खांब ओतायचे. तेवढ्या खोलीवर ऋतूंबरोबर ओल फारशी बदलत नाही, म्हणून माती तेथे स्वस्थ असते. खांबांना जोडणारी तुळई मात्र मातीवर टेकू द्यायची नाही. खाली तीनेक इंच पोकळी ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी तिला जागा मिळते. याला खर्च येतो, हे खरे. पण घरात सर्वांत महाग दुरुस्ती पायाचीच असते.

येथे एक गोष्ट मजुरांसाठी बोलतो. काळ्या मातीचा चर बाहेरून भक्कम दिसतो आणि भेगेच्या रेषेवर एकदम ढासळतो. दीड मीटरपेक्षा खोल चरात आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय माणूस उतरवू नये. चाराच्या काठावर माती आणि विटा रचू नयेत.

पुढचा टप्पा जोत्याचा. चरातून निघालेली काळी माती फुकटची, म्हणून तीच जोत्यात भरण्याचा मोह सर्वांना होतो. मग फरशी फुगते. भरणी मुरमाचीच हवी, ती थराथराने, पाणी देऊन आणि चोपून.

भिंतींवर फार वेळ घेत नाही. विटा भिजवून घ्याव्यात, आणि दारे-खिडक्यांच्या डोक्यावरून काँक्रीटचा पट्टा सर्व भिंतींवर सलग फिरवावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे गेली ती चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड छत यांच्याखाली. जुने धाब्याचे घर दुरुस्त करणाऱ्यांनीही हे ध्यानात धरावे. आधी छतावरचा भार उतरवा, मग भिंतीला हात लावा.

आता स्लॅब. मालक, ठेकेदार आणि मजूर या तिघांची खरी परीक्षा येथेच होते. ओतण्यापूर्वी अर्धा दिवस नुसता पाहण्यासाठी ठेवा. सळई पाटीला चिकटली नाही ना, विजेच्या नळ्या बसल्या का, टेकू भुसभुशीत मातीवर उभे नाहीत ना? काँक्रीट घट्ट वाटले की मजूर आपल्या सोयीने पाणी ओततो. त्याला दोष देऊ नका, पाट्या वाहून त्याचे खांदे भरून आलेले असतात. पण पाणी वाढले की ताकद उतरते. अकोला-दर्यापूरकडे खारपाणपट्ट्यातील बंधूंनी विहिरीचे खारे पाणी तर वापरूच नये, आतले लोखंड गंजते.

आणि मग थांबा. साधे पोर्टलँड सिमेंट असेल तर निदान ७ दिवस ओल टिकवायची. राखमिश्रित असेल तर १० दिवस, आणि आपल्या उन्हाळ्यात १४. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस काढू नयेत. सहा मीटरपर्यंतच्या तुळईखालचे १४ आणि त्याहून लांब तुळईखालचे २१ दिवस. मिश्र सिमेंटला मुदत वाढवावी. सेंट्रिंगचे भाडे दिवसावर चढते, म्हणून टेकू लवकर काढण्याची घाई होते. दोन दिवसांचे भाडे वाचते. खाली उभा असतो तो रोजंदारीचा माणूस.

गिलावा, फरशी, रंग हे टप्पे डोळ्यांना दिसतात, म्हणून तेथे मालक आपणहून जागा असतो. मी पैशाकडे वळतो.

पैसा तारखेला बांधू नका, टप्प्याला बांधा. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण घरकुल योजनेने हप्ते बांधकामाच्या प्रगतीशी जोडले, ते शहाणपणाचे आहे. उचल देऊन बसलेला मालक बोलू शकत नाही. मात्र मजुराची मजुरी या हिशेबात अडकवू नका. ठिय्यावरून आलेल्या रेजेला संध्याकाळी चूल पेटवायची असते.

कायद्याचेही थोडे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर मजुरांच्या कल्याणासाठी उपकर बसवला. वर्षात ९० दिवस काम केलेल्या मजुराला नोंदणीचा हक्क दिला. स्वतःच्या राहत्या घराला १० लाखांपर्यंत सूट होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ती मर्यादा ५० लाखांवर नेली. म्हणजे लहान घरमालकावर उपकराचा बोजा नाही. परंतु आपल्या घरावर किती दिवस काम केले, याचा सही केलेला कागद मजुराला द्यायला मालकाचे काही जात नाही, आणि नोंदणीच्या वेळी मजूर नेमका त्याच कागदासाठी वणवण फिरतो.

ठेकेदाराची थोडी रक्कम मात्र एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवावी, आणि ते आधीच करारात लिहावे. गच्ची गळते का आणि जोते हलते का, हे आषाढ-श्रावणातच कळते.